जोर, बैठका आणि वाढता भार

नववीपासून पुढच्या वर्गांना शिकवणाऱ्या शिक्षकांना एक प्रश्न कधी ना कधी ऐकावा लागतोच : "सर, अंग कमवायचे तर जड वजन थोड्या वेळा उचलायचे की हलके वजन पुष्कळ वेळा?" विचारणाऱ्याला तालमीतल्या वस्तादांनी एक सांगितलेले असते, जिममध्ये जाणाऱ्या मित्राने दुसरे, आणि पावडरच्या डब्यावर तिसरेच छापलेले असते. हा प्रश्न शारीरिक शिक्षणाच्या शिक्षकांकडे सोपवून मोकळे होण्यासारखा नाही. त्यात विज्ञानाच्या पुस्तकातली तरफ आहे, चेतासंस्था आहे, प्रथिने आहेत आणि गणितातली शेकडेवारीही आहे. शिवाय शाळेतल्या एका जुन्या सवयीशी त्याचा थेट संबंध आहे. त्याकडे आपण लेखाच्या शेवटी येऊ.

मिलोचे वासरू

या प्रश्नाचे सर्वांत जुने उत्तर एका गोष्टीत सापडते. इसवी सनापूर्वी सहाव्या शतकात दक्षिण इटलीतील क्रोटोन या ग्रीक वसाहतीत मिलो नावाचा मल्ल होता. ऑलिंपियाच्या स्पर्धेत त्याने सहा वेळा विजय मिळवला. त्याच्या बळाचे रहस्य असे सांगतात, की तो एक वासरू रोज खांद्यावर घेऊन चालत असे. वासरू रोज थोडे वाढे, मिलोचे बळही रोज थोडे वाढे, आणि अखेरीस मिलो पूर्ण वाढलेला बैल उचलू लागला.

गोष्ट शंभर टक्के खरी मानण्याचे कारण नाही. वर्गात तिचा हिशेब मांडून पाहा. समजा, वासराचे वजन २५ किलो आहे आणि ते रोज ४०० ग्रॅमने वाढते. एका वर्षात ते १७१ किलोचे होईल आणि दोन वर्षांत ३१७ किलोचे. वेगळ्या पद्धतीनेही विचार करता येईल. एखाद्याचे बळ रोज फक्त १ टक्क्याने वाढत राहिले, तर वर्षाअखेर ते ३७ पटींहून अधिक होईल! असे कुणाचेच होत नाही. सुरुवातीच्या काही आठवड्यांत बळ भराभर वाढते, मग वाढीचा वेग मंदावत जातो. आलेख काढला तर ती सरळ रेषा न राहता हळूहळू आडवी होत जाणारी वक्ररेषा होते.

तरीही गोष्टीचा गाभा खरा आहे. शरीर ज्या भाराला सरावते तो भार त्याला पुढे काही शिकवत नाही. बळ वाढवायचे असेल तर भारही वाढला पाहिजे, मात्र शरीराला पेलेल इतक्याच गतीने. ही गोष्ट मोजूनमापून मांडली गेली ती विसाव्या शतकात, आणि तीही आखाड्यात नव्हे तर एका रुग्णालयात.

शिकागोतील सैनिक

दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस अमेरिकेतील लष्करी रुग्णालये जखमी सैनिकांनी भरली होती. गुडघ्याच्या दुखापती, मांडीच्या हाडाचे अस्थिभंग असे रुग्ण महिनोन्‌महिने पडून असत. हाड सांधले तरी मांडीचा स्नायू वाळून गेलेला असे. त्याला बळ यावे म्हणून त्या काळी हलका व्यायाम पुष्कळ वेळा करून घेत. जड वजनाने सांध्याला इजा होईल, अशी डॉक्टरांना भीती वाटे.

शिकागोच्या गार्डिनर जनरल हॉस्पिटलमध्ये थॉमस डीलॉर्म हे लष्करी डॉक्टर काम करत होते. लहानपणी संधिवाताच्या तापाने अंथरुणाला खिळल्यानंतर त्यांनी स्वतः वजने उचलून प्रकृती सुधारली होती. त्यामुळे त्यांना जड वजनाची भीती नव्हती. त्यांनी रुग्णाच्या पायाला लोखंडी तळ बांधला, त्याला वजने जोडली आणि टेबलाच्या कडेवर बसून गुडघा सरळ करायला लावले. रुग्ण जे वजन कसेबसे दहा वेळा उचलू शकेल, अकराव्यांदा नाही, ते त्याचे ‘दहाचे वजन’. दर आठवड्याला हे वजन पुन्हा ठरवायचे. पाय बळकट झाला की दहाचे वजन आपोआप वाढे, आणि त्याबरोबर व्यायामाचा भारही.

१९४५ साली डीलॉर्म यांनी हे निष्कर्ष प्रसिद्ध केले. आरंभी ते दहा-दहा आवर्तनांच्या सात ते दहा फेऱ्या करवून घेत. १९४८ पर्यंत आर्थर वॉटकिन्स या सहकाऱ्याबरोबर त्यांनी दाखवून दिले, की तीन फेऱ्या पुरेशा आहेत : पहिली दहाच्या वजनाच्या निम्म्या भाराने, दुसरी पाऊणपट भाराने आणि तिसरी पूर्ण भाराने. म्हणजे कुणाचे दहाचे वजन १२ किलो असेल, तर ६, ९ आणि १२ किलो. याच सुमारास त्यांनी पद्धतीचे नावही बदलले. ‘जड भाराचा व्यायाम’ या नावाने लोक बिचकत, म्हणून ते तिला ‘वाढत्या भाराचा व्यायाम’ म्हणू लागले. नवे नाव अधिक अचूकही होते. महत्त्व भार जड असण्याला नव्हते, तो वाढत जाण्याला होते.

जगभरच्या व्यायामशाळांत पुढे रूढ झालेल्या ‘दहाच्या तीन फेऱ्या’ या प्रथेचे मूळ इथे आहे. शरीरसौष्ठवाच्या क्षेत्रातल्या जुन्या पद्धतींतही हेच तत्त्व दिसते. इंग्लंडमधील लीड्सचे रेग पार्क १९५१, १९५८ आणि १९६५ साली ‘मिस्टर युनिव्हर्स’ झाले. त्यांची ‘पाच गुणिले पाच’ ही पद्धत प्रसिद्ध आहे : पाच फेऱ्या, प्रत्येकीत पाच आवर्तने. पहिल्या दोन फेऱ्या अंग तापवण्यासाठी, उरलेल्या तीन एकाच जड वजनाने. त्या तिन्ही पूर्ण करता आल्या, तरच पुढच्या वेळी वजन थोडे वाढवायचे.

आधी बळ, मग आकार

इथे विद्यार्थी हमखास विचारतात : व्यायाम सुरू करून महिना झाला, वजन पूर्वीपेक्षा जास्त उचलता येते, पण दंडाचा घेर टेपने मोजला तर तेवढाच! असे का?

कारण बळ फक्त स्नायूत नसते. स्नायू हा हजारो तंतूंचा जुडगा असतो. मज्जारज्जूतून निघालेली एकेक प्रेरक चेतापेशी यांतल्या काही तंतूंना आज्ञा देते. चेतापेशी आणि तिच्या हुकमतीखालचे तंतू मिळून एक प्रेरक एकक होते. पेन उचलताना मोजकी लहान एकके कामाला लागतात. पाण्याने भरलेली बादली उचलताना त्यांच्या जोडीला मोठी एककेही येतात. नवख्या माणसाला सर्व मोठी एकके एकाच वेळी, पुरेशा वेगाने कामाला लावता येत नाहीत. शिवाय उलट बाजूचे स्नायूही विनाकारण ताणले जातात. सरावाने हे सुधारते. पोहायला किंवा सायकल चालवायला शिकावे, तसे शरीर बळ लावायला शिकते.

याचा पहिला पुरावा बराच जुना आहे. १८९४ साली अमेरिकेतील येल विद्यापीठात एडवर्ड स्क्रिप्चर यांच्या प्रयोगशाळेत एका हाताने दाब देण्याचा सराव करवून घेतला. सराव न केलेल्या दुसऱ्या हाताचेही बळ वाढलेले आढळले. त्या हाताच्या स्नायूंनी तर काहीच काम केले नव्हते! शिकली होती ती चेतासंस्था. १९७९ साली मोरितानी आणि डीव्हराईज यांनी आठ आठवड्यांच्या व्यायामात स्नायूंमधील विद्युत संदेश मोजून हेच दाखवले : सुरुवातीची वाढ मुख्यतः चेतासंस्थेमुळे होते, स्नायूच्या जाडीचा वाटा नंतर वाढत जातो.

सर्वांत बोलके उदाहरण १९९० सालचे आहे. अमेरिकेत बॉस्टन येथील वृद्धाश्रमातील अतिशय अशक्त वृद्धांकडून मारिया फियातारोने आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पायांचा वाढत्या भाराचा व्यायाम करून घेतला. या वृद्धांचे सरासरी वय होते ९० वर्षे. दहा जणांनी सुरुवात केली, नऊ जणांनी आठ आठवडे पूर्ण केले. त्यांच्या पायांचे बळ सरासरी १७४ टक्क्यांनी वाढले, म्हणजे पावणेतीन पटींच्या जवळ गेले. मांडीच्या स्नायूंचे क्षेत्र मात्र फक्त ९ टक्क्यांनी वाढले. या दोन आकड्यांमधला फरक फळ्यावर लिहून ठेवण्याजोगा आहे.

आकार मग कसा वाढतो? स्नायूवर ताण पडला की तंतूंमध्ये प्रथिने बनवण्याचे काम वाढते आणि साधारण एक-दोन दिवस वाढलेले राहते. अन्नातून प्रथिने मिळाली आणि विश्रांती मिळाली, तर तंतूंत अ‍ॅक्टिन व मायोसिन या प्रथिनांची भर पडते व प्रत्येक तंतू जाड होतो. तंतूंची संख्या फारशी बदलत नाही. याचा अर्थ असा, की स्नायू व्यायामाच्या वेळी वाढत नाही, व्यायामानंतर वाढतो. म्हणून त्याच स्नायूंचा जड व्यायाम रोज करण्यापेक्षा एक दिवसाआड करणे शहाणपणाचे.

आता सुरुवातीच्या प्रश्नाचे उत्तर देता येईल. हलक्या वजनाने फक्त दम वाढतो आणि जड वजनानेच बळ येते, अशी काटेकोर विभागणी डीलॉर्म करत. अलीकडच्या प्रयोगांतून त्यात थोडी दुरुस्ती झाली आहे. हलके वजन जवळजवळ थकेपर्यंत उचलले, तर लहान एकके थकत जातात आणि त्यांच्या जागी मोठी एकके पुढे येतात. त्यामुळे आकार जवळपास तेवढाच वाढतो. पण जास्तीत जास्त वजन उचलण्याची ताकद हवी असेल, तर जड वजन थोड्या वेळा उचलणेच अधिक उपयोगी. थोडक्यात, जे शिकायचे असेल त्याचा सराव करावा.

तालमीतले विज्ञान

आपल्या तालमीत लोखंडी चकत्या नव्हत्या. मग भार वाढवायचा कसा? जोर आणि बैठका यांत भार असतो तो स्वतःच्या शरीराचा. एकदा शंभर बैठका निघू लागल्या, की पुढच्या शंभरांनी दम वाढतो, बळ त्या प्रमाणात वाढत नाही. जुन्या वस्तादांनी यावर उपाय शोधले होते. जोडीदाराला खांद्यावर घेऊन बैठका मारणे, दोर चढणे, हौदातली माती खणणे, दगडी गोटी किंवा नाल उचलणे आणि मुद्गल, करेला, गदा फिरवणे हे सगळे भार वाढवण्याचेच मार्ग आहेत.

यातला मुद्गल विशेष पाहण्यासारखा आहे. तो मुठीपाशी बारीक आणि टोकाला जाड असतो. समजा, मुद्गल ६ किलोचा आहे. त्याचे वजन मनगटापासून १५ सेंटीमीटरवर एकवटलेले असेल तर मनगटाला जेवढा पीळ पडेल, त्याच्या तिप्पट पीळ ते ४५ सेंटीमीटरवर असेल तर पडेल. लोखंडी चकती न वाढवता, केवळ अंतर बदलून भार वाढवण्याची ही युक्ती आहे.

हाच हिशेब आपल्या हातालाही लागू होतो. कोपर हा टेकू धरा. दंडाचा पुढचा स्नायू कोपरापासून साधारण ४ सेंटीमीटरवर पुढच्या हाताच्या हाडाला जोडलेला असतो. तळहात साधारण ३२ सेंटीमीटरवर असतो. ही तिसऱ्या प्रकारची तरफ झाली. कोपर काटकोनात वाकवून ५ किलोची बादली धरली, तर स्नायूला ३२ भागिले ४ म्हणजे आठपट, ४० किलो वजनाइतके बल लावावे लागते. यात हाताचे स्वतःचे वजन धरलेलेच नाही. मुलांना हे समजले की आपल्या दंडाकडे ती नव्या आदराने पाहतात.

करून पाहा : माणसाचे वजन करण्याचा साधा काटा घ्या. एका विद्यार्थ्याचे वजन नोंदवा. मग त्याला जोर काढण्याच्या स्थितीत, हात सरळ ठेवून, दोन्ही तळहात काट्यावर टेकवायला सांगा. काटा एकूण वजनाच्या सुमारे दोन-तृतीयांश दाखवील. आता गुडघे जमिनीला टेकवून मोजा. आकडा निम्म्याच्या आसपास उतरेल. मग काटा बाकावर ठेवून हात उंचावर टेकवा, आणि शेवटी काटा जमिनीवर व पाय बाकावर ठेवून पाहा. पहिल्यात भार कमी, दुसऱ्यात जास्त. चारही आकडे टक्क्यांत मांडले की वाढत्या भाराची एक शिडीच तयार होते. ज्या मुलीला किंवा मुलाला एकही जोर निघत नाही, त्याला या शिडीच्या खालच्या पायरीपासून सुरुवात करता येते. भिंतीला हात टेकवून सुरुवात केली तरी हरकत नाही.

याच वेळी आणखी एक गोष्ट दाखवता येईल. वर्गातली किरकोळ अंगाची मुले अनेकदा धिप्पाड मुलांपेक्षा जास्त जोर काढतात. स्नायूचे बळ त्याच्या काटछेदावर, म्हणजे लांबीच्या वर्गावर अवलंबून असते. शरीराचे वजन मात्र लांबीच्या घनाच्या प्रमाणात वाढते. सर्व मापांनी १० टक्के मोठ्या असलेल्या शरीराचे बळ १.२१ पट होते, पण वजन १.३३ पट. म्हणजे दर किलोमागे बळ घटते. कुस्तीत वजनगट असतात ते उगीच नव्हे, आणि स्वतःचे वजन उचलण्यात धिप्पाड मूल मागे पडले तर तो त्याचा आळसही नव्हे.

शंभर उठाबशा

आता शाळेतल्या त्या जुन्या सवयीकडे येऊ. गृहपाठ केला नाही, उशीर झाला, की ‘पन्नास उठाबशा काढ’ असे सांगितले जाते. पैलवान रोज पाचशे बैठका मारतो, मग मुलाला शंभर उठाबशांनी काय होणार, असे वाटणे साहजिक आहे. पण आतापर्यंत जे पाहिले त्यावरून उत्तर स्पष्ट आहे. पैलवानाच्या पाचशेमागे काही वर्षांची चढती शिडी असते. मुलाच्या शंभरामागे काहीच नसते.

बैठकीत खाली जाताना मांडीचा स्नायू ताण सहन करत लांब होतो. तंतूंना सर्वांत जास्त इजा अशा लांबणाऱ्या कामात होते. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी मांड्या भरून येतात त्याचे कारण हेच. लॅक्टिक आम्ल साचल्याने अंग दुखते हा समज चुकीचा आहे. ते साधारण तासाभरात रक्तातून निघून जाते. थोड्या इजेतून तंतू सावरतात आणि पुढच्या वेळी तेवढ्याच कामाने पुष्कळ कमी दुखतात. एका हलक्या सत्राचे हे संरक्षण कित्येक आठवडे टिकते. सरावाचा हा मोठाच फायदा आहे.

पण सराव नसताना एकाच वेळी प्रचंड काम लादले, तर तंतू मोठ्या संख्येने फुटतात. त्यांतले मायोग्लोबिन हे प्रथिन रक्तात उतरते व मूत्रपिंडांना निकामी करू शकते. लघवी कोऱ्या चहासारखी काळपट होणे, मांड्या सुजणे, चालता न येणे ही त्याची लक्षणे आहेत. उन्हाळा आणि पाण्याची कमतरता यांनी धोका वाढतो. असे दिसले तर मूल नाटक करते आहे असे न समजता ताबडतोब रुग्णालयात न्यावे. उठाबशांच्या शिक्षेनंतर मुलांना रुग्णालयात दाखल करावे लागल्याच्या घटना आपल्या राज्यातही घडल्या आहेत. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ ने शारीरिक शिक्षेला मनाई केली आहेच. पण कायदा बाजूला ठेवला, तरी शरीरविज्ञानही हेच सांगते. आणि ज्या व्यायामाची मुलांना गोडी लागायला हवी तोच शिक्षा म्हणून वापरला, तर गोडी कशी लागणार?

विद्यार्थ्यांना काय सांगावे?

वजने उचलल्याने उंची खुंटते, हा समज अजून घरोघरी आहे. जाणकाराच्या देखरेखीखाली, योग्य पद्धतीने केलेल्या व्यायामाने उंची खुंटल्याचा पुरावा नाही. मात्र वाढीचे वय संपेपर्यंत ‘एकदाच जास्तीत जास्त किती उचलता येते’ अशा पैजा टाळाव्यात. वयात येण्यापूर्वी व्यायामाने बळ वाढते, आकार फारसा नाही. त्या वयात मुख्यतः चेतासंस्था शिकत असते. म्हणून सहावी-सातवीतल्या मुलाचे दंड फुगले नाहीत, तर व्यायाम वाया गेला असे नाही.

उंची खरोखर खुंटवू शकतात ती स्टेरॉइडची इंजेक्शने व गोळ्या. वाढत्या वयात त्यांनी हाडांची टोके वेळेआधीच जुळून येतात, शिवाय यकृत, हृदय आणि प्रजननसंस्था यांना इजा होते. ‘लवकर साइज येईल’ असे सांगून कुणी काही टोचू पाहत असेल, तर ते घरी आणि शाळेत सांगण्याइतका विश्वास मुलांना वाटला पाहिजे.

खुराकाबद्दलही अवास्तव कल्पना असतात. नियमित व्यायाम करणाऱ्या प्रौढाला दर किलो वजनामागे रोज साधारण १.६ ग्रॅम प्रथिने पुरतात. त्याहून जास्त घेतल्याने स्नायूंत विशेष भर पडत नाही. १०० ग्रॅम शेंगदाण्यांत सुमारे २५ ग्रॅम प्रथिने असतात, एका अंड्यात सुमारे ६ ग्रॅम आणि पाव लिटर दुधात सुमारे ८ ग्रॅम. डाळ, उसळ, दूध, अंडी, मासे यांतून हे भागते. महागड्या डब्यावाचून कुणाचे अडत नाही.

शेवटी, शाळेला करता येण्याजोगा एक सोपा प्रकल्प. प्रत्येक विद्यार्थ्याने एक वही करावी. आठवड्यातून तीन दिवस, एक दिवसाआड, जोर आणि बैठका यांच्या तीन-तीन फेऱ्या, प्रत्येक फेरीत आणखी दोन-तीन निघतील अशा बेताने थांबायचे. सगळ्या फेऱ्या सहज जमल्या, तर पुढच्या आठवड्यात आवर्तने एक-दोनाने वाढवायची किंवा शिडीची वरची पायरी घ्यायची. दर रविवारी दंडाचा घेर आणि सलग निघालेले जोर यांची नोंद करायची. दहा आठवड्यांनी दोन्ही आलेख एकाच कागदावर काढायचे. एक भराभर चढलेला दिसेल, दुसरा बराच काळ आडवाच. तो आडवा का आहे, हे मुलांनाच समजावून सांगू द्यावे.